एका फुटातली वेळ

बाण सुटतो तो दिसत नाही. मैदानाच्या कडेला उभं राहिलं की आधी ताणलेलं धनुष्य दिसतं, मग दोरीचा आवाज येतो, आणि नजर वळेपर्यंत बाण समोरच्या बट्रेसमध्ये रुतलेला असतो. मधलं सगळं डोळ्यांतून निसटतं. ऑलिंपिकच्या ७० मीटर अंतरावर रिकर्व्ह धनुष्याच्या बाणाला सेकंदाहून थोडा जास्त वेळ लागतो. ५० मीटरवर कंपाउंड धनुष्याच्या बाणाला साधारण ०.६ सेकंद. धनुर्विद्येबद्दल आपण लहानपणापासून जे ऐकत आलो ते या वेळेच्या आधीचं असतं किंवा नंतरचं. आधीचं म्हणजे पवित्रा, श्वास, एकाग्रता. नंतरचं म्हणजे नेम लागला की हुकला. मधल्या वेळेविषयी बोलायची सोय आता खांद्यावरच्या पिशवीत मावते, आणि त्या सोयीमुळे मी हा खेळ पुन्हा पहिल्यापासून पाहायला लागलो.

माझी भाची सातारा जिल्ह्यातल्या एका मैदानावर रिकर्व्हचा सराव करते. मैदान म्हणजे उसाच्या दोन रानांमधला सपाट केलेला पट्टा. एका टोकाला पत्र्याची शेड, दुसऱ्या टोकाला लक्ष्यांची रांग, आणि तिच्यामागे मातीचा उंच बांध. तिच्या सरांकडे एक क्रोनो आहे. क्रोनोग्राफ हे पूर्ण नाव तिथे कुणी घेत नाही. घडी उलगडली की पाटीएवढी होणारी पेटी, तिच्यात फूटभर अंतरावर बसवलेले प्रकाशाचे दोन सेन्सर, आणि त्यांच्यावर सळयांनी उभ्या केलेल्या पांढऱ्या प्लास्टिकच्या पट्ट्या. पेटी कॅमेऱ्याच्या तिपाईवर बसते, साध्या बॅटरीवर चालते. बाण वरून जाताना त्याची सावली आधी एका सेन्सरवर पडते, मग दुसऱ्यावर. दोन सावल्यांमधला वेळ आतलं क्वार्ट्झचं घड्याळ मोजतं आणि भागाकार करून आकडा दाखवतं. देशात मीटर आणि किलो रुळून दोन-तीन पिढ्या झाल्या, पण आर्चरीच्या मैदानावर वेग फुटात, ताण पौंडात आणि बाणाचं वजन ग्रेनमध्येच मोजतात. पाचवी-सहावीतली मुलंसुद्धा ‘पाउंडेज’ आणि ‘एफपीएस’ सहज बोलतात.

त्या फूटभर अंतराचा हिशेब मी पहिल्यांदा कागदावर मांडला तेव्हा बराच वेळ त्याच्याकडे पाहत बसलो होतो. सेकंदाला २८० फूट वेगाचा बाण एक फूट कापतो साधारण ३.५७ मिलिसेकंदांत. तोच बाण २८१ च्या वेगाने गेला तर ३.५६. म्हणजे एका फुटाचा फरक सांगायला यंत्राला सेकंदाचा सुमारे ऐंशी हजारावा भाग ओळखावा लागतो. काही हजार रुपयांची, शेतात धुळीत ठेवलेली पेटी हे काम दिवसभर करते. आता तर धनुष्याच्या रायझरलाच, म्हणजे मधल्या मुठीच्या भागाला, स्क्रूने बसणारे छोटे क्रोनो मिळतात, आणि खिशात मावणारे रडारही मिळतात. रडार मायक्रोवेव्हच्या लहरी बाणामागे सोडतं आणि परत आलेल्या लहरींची वारंवारता किती बदलली यावरून वेग काढतं. त्याला सावली लागत नाही, उजेडही लागत नाही. मला मात्र ती दोन सेन्सरांची जुनी पेटीच आवडते, कारण तिच्यात काय घडतंय ते पोरांना समजावून सांगता येतं. अंतर भागिले वेळ. सातवीच्या पुस्तकातलं गणित, डोळ्यांसमोर चाललेलं.

एका फुटाच्या फरकाने काय बिघडतं, हा प्रश्न साहजिक आहे. मोटारीचा काटा ऐंशीवर आहे की साडेऐंशीवर, याची आपण कधी फिकीर करत नाही.

७० मीटरवर फिकीर करावी लागते. रिकर्व्हचा बाण सेकंदाला २०० फुटांच्या, म्हणजे ६१ मीटरच्या वेगाने सुटला असं धरू. हवेचा अडथळा क्षणभर बाजूला ठेवला तर त्याला ७० मीटर जायला सुमारे १.१५ सेकंद लागतात. तेवढ्या वेळात पृथ्वी त्याला, सुटतानाच्या सरळ रेषेपासून, जवळजवळ साडेसहा मीटर खाली ओढते. दोन मजली घराएवढी ही घसरण आहे, म्हणून तर धनुर्धर बाणाचं टोक वर धरून सोडतो. आता वेग २०० ऐवजी १९९ झाला तर हवेतला वेळ अर्ध्या टक्क्याने वाढतो, आणि घसरण वेळेच्या वर्गाने वाढत असल्यामुळे ती एक टक्क्याने वाढते. साडेसहा मीटरचा एक टक्का म्हणजे साडेसहा सेंटिमीटर. ७० मीटरच्या लक्ष्यावर दहाच्या वर्तुळाचा व्यास १२.२ सेंटिमीटर असतो, त्रिज्या ६.१. थोडक्यात, अगदी मध्यावर लागणारा बाण सेकंदाला फक्त एक फूट हळू सुटला तर तो दहाच्या रेषेवर किंवा तिच्या खाली नवात जाऊन बसतो. हात हलला नाही, नजर ढळली नाही, वारा आला नाही, तरीही नऊ.

हे गणित कळल्यावर मी भाचीच्या सरावाकडे वेगळ्या नजरेने पाहू लागलो. तोपर्यंत मला वाटायचं की नेम म्हणजे दिशा. साइटची टाचणी पिवळ्यावर आली, हात स्थिर राहिला की झालं. प्रत्यक्षात उभ्या दिशेतला नेम बराचसा वेगात असतो, आणि वेग येतो पाठीतून.

सरांनी मला हे दाखवलं तो प्रसंग सांगतो. रिकर्व्ह धनुष्यावर क्लिकर नावाची पत्र्याची बारीक पट्टी असते. बाण तिच्याखालून मागे ओढायचा. ठरल्या लांबीला टोक पट्टीच्या मागे गेलं की पट्टी रायझरवर आपटून ‘टक्’ वाजते, आणि धनुर्धराने बोटं सोडायची. दर वेळी ओढ सारखीच व्हावी म्हणून केलेली ही योजना. ओढ सारखी, बाण सारखा, धनुष्य तेच, मग वेगही सारखाच यायला हवा. दुपारी सराव सुरू झाला तेव्हा भाचीचे आकडे एक-दीड फुटाच्या आत खेळत होते. उन्हं कलायला लागली तसे ते पसरले. १९७, १९८, मध्येच १९४, मग परत १९७. क्लिकर प्रत्येक वेळी वाजला होता. सर तिच्यामागे जाऊन उभे राहिले आणि बराच वेळ फक्त तिच्या कोपराकडे पाहत राहिले. मग मला जवळ बोलावून म्हणाले, “मामा, आता ‘टक्’ झाल्यानंतर बघा.” मी पाहिलं. आवाज झाल्यावर आणि बोटं सुटण्याआधी, डोळ्यांना जेमतेम जाणवेल इतकं, तिचं कोपर पुढे येत होतं. मैदानावर याला कोलॅप्स म्हणतात. खांद्यामागचे स्नायू दमले की ते ‘टक्’ ऐकताच सुटका झाल्यासारखे सैल पडतात, आणि दोरी सुटेपर्यंत ओढ काही मिलिमीटर कमी झालेली असते. एक इंच ओढीमागे सुमारे दहा फूट वेग असा मैदानावरचा ठोकताळा आहे. म्हणजे अडीच मिलिमीटर कोपर पुढे आलं की एक फूट वेग गेला, आणि एक फूट गेला की दहाचा नऊ झाला.

सरांनी तिला तेव्हा काहीच सांगितलं नाही. तिचा सराव थांबवला, रबराची पट्टी हातात दिली आणि आठवडाभर दिवसाकाठी शंभराऐवजी साठच बाण मारायला लावले. आरडाओरडा नाही, ‘लक्ष कुठे आहे तुझं’ नाही. मला या गोष्टीचं फार मोल वाटतं. तिचं लक्ष जागेवरच होतं, दमली होती ती पाठ. तो आकडा नसता तर सरांसारख्या जाणत्या माणसालाही हे कळायला दोन-चार दिवस लागले असते, आणि कमी जाणत्या माणसाने तिला एकाग्रतेवर व्याख्यान दिलं असतं. दमलेल्या स्नायूला मनाची कमजोरी ठरवणं ही आपल्याकडच्या शिकवण्यातली जुनी क्रूरता आहे. खेळातही आहे, शाळेतही आहे. मोजमाप तिला आळा घालतं, म्हणून मला ते हवं आहे.

तरी सर क्रोनोचा पडदा मुलांकडे कधी करत नाहीत. पेटी तिरपी ठेवून आकडा फक्त स्वतःला दिसेल अशी मांडणी करतात. पहिल्या दोन वर्षांच्या मुलांसमोर तर ती काढतही नाहीत. कारण त्यांनी एकदा सांगितलं: मुलाला आकडा दिसला की ते आकड्यासाठी ओढायला लागतं. बोटं सोडायची जागा सोडून दोरीला झटका देतं, हनुवटी पुढे आणतं, मोठ्या मुलाचं जड धनुष्य मागतं. वाढत्या वयात जास्त पाउंडेज खांद्याला बाधतं. वेग वाढवायचा आणखी एक सोपा मार्ग हलका बाण, आणि तो धनुष्याच्या जिवावर बेततो. फार हलका बाण लावला तर दोरीतली ताकद बाणात न जाता लिम्बमध्येच, म्हणजे धनुष्याच्या वाकणाऱ्या बाहूंमध्येच, परत जाते. बाण न लावता दोरी सोडली तर लिम्ब फुटू शकतात, त्याचाच हा सौम्य प्रकार. कंपाउंडमध्ये म्हणूनच दर पौंडामागे किमान पाच ग्रेन बाण असा दंडक आहे.

याच दंडकाच्या टोकावर धनुष्यांच्या जाहिराती चालतात. कंपाउंड धनुष्यावर छापलेला वेग बहुधा ७० पौंड ताण, ३० इंच ओढ आणि ३५० ग्रेनचा, म्हणजे २३ ग्रॅमच्याही आतला बाण धरून काढलेला असतो. कागदावर तो ३३० किंवा ३४० दिसतो. आंतरराष्ट्रीय स्पर्धेत कंपाउंडला ६० पौंडांची मर्यादा आहे, आपल्याकडच्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलीची ओढ बऱ्याचदा २६-२७ इंच असते, आणि बाणही त्याहून जड लागतो. त्यामुळे छापील आकड्यातले पन्नास-साठ फूट दुकानातून बाहेर पडतानाच गळालेले असतात. कर्ज काढून धनुष्य घेणाऱ्या पालकांना हे आधी कुणीतरी सांगावं असं मला मनापासून वाटतं. ५० मीटरवर २७५ फुटांचं एकसारखं धनुष्य हे ३०५ फुटांच्या चंचल धनुष्यापेक्षा कितीतरी चांगलं. कंपाउंडचा बाण हवेत कमी वेळ असल्यामुळे एका फुटाच्या फरकाने तो सव्वा सेंटिमीटरच खाली जातो, आणि तिथल्या दहाच्या वर्तुळाची त्रिज्या चार सेंटिमीटर असते. शिवाय ओढ संपल्यावर भिंतीला टेकल्यासारखी अडते आणि दोरी बोटांऐवजी रिलीजच्या कळीने सुटते. कंपाउंडमध्ये दीडशेपैकी दीडशे गुण शक्य होतात त्याचं अर्धं कारण या सारखेपणात आहे. २०२३ साली बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत नागपूरच्या ओजस देवतळेने अंतिम लढतीत पंधराच्या पंधरा बाण दहात मारले, आणि त्याच दिवशी साताऱ्याची सतरा वर्षांची आदिती स्वामी महिलांची विश्वविजेती झाली. कारणाचं उरलेलं अर्धं त्या दोघांच्या पाठीत, खांद्यात आणि वर्षानुवर्षांच्या पहाटांमध्ये आहे, हे वेगळं सांगायला नको.

यंत्राचेही लहरी दिवस असतात. ते माहीत नसले तर आकडा फसवतो. पत्र्याच्या शेडमधल्या ट्यूबलाइटचा उजेड सेकंदाला शंभरदा कमी-जास्त होतो. आपल्याला तो स्थिर दिसतो, सेन्सरला दिसत नाही. तिथे क्रोनो कधी अशक्य वेग दाखवतो, कधी काहीच दाखवत नाही. बाहेर आकाश निरभ्र असलं तरी अडचण, कारण बारीक बाणाची सावली उठत नाही. त्या पांढऱ्या पट्ट्या उजेड पसरवण्यासाठीच असतात. सगळ्यांत उत्तम म्हणजे पातळ ढगांचा दिवस. बाण पेटीला समांतर न जाता पाच अंशांनी तिरका गेला तर त्याला जास्त अंतर कापावं लागतं आणि २८० च्या जागी २७९ दिसतात. घडीची पेटी पूर्ण उलगडली नाही तर उलटं होतं. सेन्सरांमधलं खरं अंतर फुटाहून कमी भरतं, यंत्राला ते माहीत नसतं, आणि धनुष्य अचानक वेगवान झाल्यासारखं वाटतं. म्हणून सर दर वेळी सुरुवातीला एका ठरलेल्या धनुष्यातून एक ठरलेला बाण सोडून बघतात. तो बाण कुणाच्याच सरावात वापरत नाहीत.

ऋतूही आकड्यात उतरतो. मे महिन्यात मैदानावर पडून राहिलेल्या धनुष्याची दोरी उन्हाने किंचित लांबते, ब्रेसिंग हाइट, म्हणजे दोरी आणि मुठीमधलं अंतर, कमी होते, दोरी बाणाला थोडं जास्त अंतर ढकलते आणि वेग वाढतो. जुलैत उलट. दोरी पाणी पिऊन जड होते, पिसं ओली होतात, बाण मंदावतो. साताऱ्याकडच्या पावसात सराव करणाऱ्या मुलीने उन्हाळ्यातल्या साइटच्या खुणा तशाच ठेवल्या तर तिचे बाण खालीच जाणार.

वेग मोजायची धडपड फार जुनी आहे, फक्त पूर्वी एवढं बारीक घड्याळ नव्हतं. इस्तंबूलमधल्या ओकमेदानी या मैदानावर उस्मानी काळातल्या विक्रमी बाणांच्या जागी उभे केलेले दगड होते, त्यांतले काही अजून आहेत. सर्वांत लांबचे बाण आठशे मीटरच्या पुढे गेल्याची नोंद आहे. बाण किती दूर गेला हेच तेव्हा वेगाचं माप. मग १७४२ साली बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञाने बंदुकीच्या गोळीसाठी एक साधी युक्ती पुस्तकात मांडली: दोलकासारखा टांगलेला जड ठोकळा, त्यात गोळी मारायची, ठोकळा किती मागे झोकला ते मोजायचं, आणि त्यावरून गोळीचा वेग काढायचा. बाणालाही हीच युक्ती लागू पडते.

पण मला जवळचे वाटतात ते पहिल्या महायुद्धातले दोघे. अमेरिकेतल्या ॲबरडीनच्या तोफा-चाचणी केंद्रावर आल्फ्रेड लूमिस आणि पॉल क्लॉपस्टेग हे तोफगोळ्याचा वेग मोजणाऱ्या यंत्रावर काम करत होते. युद्धभूमीवर नेता येईल असा तो क्रोनोग्राफ होता. लूमिस पुढे मोठा धनिक आणि विज्ञानाचा आश्रयदाता झाला. क्लॉपस्टेग मात्र धनुष्याकडे वळला. तुर्की धनुष्यावर त्याने १९३४ साली पुस्तक लिहिलं. त्याच सुमारास क्लॅरन्स हिकमन हा भौतिकशास्त्रज्ञही बाणाच्या वेगाचा आणि त्वरणाचा अभ्यास करत होता. पहिल्या महायुद्धात तो रॉबर्ट गॉडार्डबरोबर अग्निबाणांवर राबलेला. सुटणारा बाण धनुष्याला वळसा घालून कसा वाकतो आणि सरळ होतो, हे त्याने अतिवेगवान कॅमेऱ्याने टिपलं. तोफा आणि रॉकेटं सोडून ही माणसं लाकडाच्या काठीकडे आणि तातीकडे का आली असतील, याचा मी अनेकदा विचार करतो. मला वाटतं, धनुष्यात सगळं उघडं असतं. स्फोट नाही, धूर नाही. किती ताकद आत गेली ते ताणकाट्याने मोजता येतं, किती बाहेर आली ते वेगावरून कळतं, आणि मधे हरवलेल्या ताकदीचा छडा लावता येतो.

तो छडा लावायची क्लॉपस्टेगची रीत इतकी सुरेख आहे की ती इथे सांगितल्यावाचून राहवत नाही. तो म्हणाला, दोरी सुटते तेव्हा फक्त बाण पळत नाही, लिम्बची टोकं आणि दोरीही पळतात. त्यांच्या पळण्यात जी ताकद जाते ती बाणाला काही ग्रॅम जादा वजन चिकटवल्यासारखी धरा. त्याला त्याने आभासी वजन असं नाव दिलं. ते वजन कुठल्या तराजूत घालता येत नाही, पण दोन बाणांनी काढता येतं. समजा, १८ ग्रॅमचा बाण सेकंदाला ६४ मीटरने गेला आणि त्याच धनुष्यातून २४ ग्रॅमचा ५७.२ मीटरने. दोन्ही वेळा धनुष्यात साठलेली ताकद तीच. समीकरण मांडलं की आभासी वजन निघतं सुमारे सहा ग्रॅम. म्हणजे हलक्या बाणाच्या वेळी पाऊण ताकद बाणाला मिळाली, पाव धनुष्याकडेच राहिली. जड बाणाच्या वेळी बाणाचा वाटा ऐंशी टक्क्यांवर गेला. जड बाण हळू जातो, पण धनुष्याची ताकद अधिक चांगली वापरतो. सरांच्या मैदानावर एका अकरावीच्या मुलाने हे गणित वहीत स्वतः सोडवलं. त्याच्या चेहऱ्यावरचा आनंद मी मैदानात लागलेल्या कुठल्याही दहापेक्षा मोठा मानतो.

त्या मुलाकडे क्रोनो नव्हता. सरांचा मागायला संकोच वाटला म्हणून त्याने फोन वापरला. हीही रीत सांगण्यासारखी आहे, कारण तिला दमडी लागत नाही. इनडोअरच्या १८ मीटर अंतरावर फोन आवाज टिपायला ठेवायचा. दोरी सुटल्याचा आवाज आणि बाण लक्ष्यात घुसल्याचा आवाज, दोन टोकं रेकॉर्डिंगच्या आलेखात स्पष्ट दिसतात. मधली वेळ मोजली की झालं. अडचण एवढीच की आवाजालाही पोचायला वेळ लागतो. १८ मीटरला तो सेकंदाचा विसावा भाग घेतो, आणि फोन धनुर्धराजवळ असेल तर तेवढी चूक हिशेबात शिरते. पोराने फोन नेमबाजीच्या रेषेपासून सुरक्षित बाजूला, पण धनुष्य आणि लक्ष्य दोन्हींपासून सारख्या अंतरावर ठेवला. आता दोन्ही आवाज सारखेच उशिरा पोचतात आणि उशीर आपोआप वजा होतो. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. निघालेला वेग क्रोनोपेक्षा थोडा कमी होता, आणि ते बरोबरच होतं. क्रोनो सुटतानाचा वेग सांगतो, फोन वाटेतला सरासरी.

कारण वाटेत बाण मंदावतो. किती मंदावतो हे बाणाच्या अंगावरून हवा कशी वाहते त्यावर ठरतं. जपानमध्ये संशोधकांनी हवेच्या बोगद्यात चुंबकांच्या जोरावर बाण कुठलाही आधार न देता अधांतरी धरून हे तपासलं. हवा बाणाच्या दांड्याला चिकटून शांत वाहिली तर अडथळा कमी राहतो, तिच्यात खळबळ उठली की तो कितीतरी वाढतो. सुटताना बाण जास्त थरथरला तर ही खळबळ लवकर उठते. म्हणजे बोटं किती सफाईने सुटली याचा परिणाम केवळ दिशेवर होत नाही, सत्तर मीटरपलीकडे पोचतानाच्या वेगावरही होतो. सत्तर मीटरवर दोन बाणांची उंची वेगळी का, याचं उत्तर कधी कधी धनुष्यापाशी ठेवलेल्या पेटीतही सापडत नाही. ते वाटेवर असतं.

अलीकडे माझं मन एका वेगळ्या कामात गुंतलंय. आपल्या राष्ट्रीय स्पर्धांत रिकर्व्ह आणि कंपाउंडबरोबर इंडियन राउंड हा तिसरा प्रकार असतो. बांबूचं धनुष्य, ५० आणि ३० मीटर. गरीब घरातली कित्येक मुलं इथूनच सुरुवात करतात, कारण रिकर्व्हच्या नुसत्या एक डझन चांगल्या बाणांचा संच घरच्या महिन्याच्या खर्चाहून महाग असतो. या धनुष्याला क्लिकर नाही, साइट नाही. मैदानावर बांबूची धनुष्यं दुय्यम समजली जातात, आणि क्रोनोसमोर ती कुणी धरत नाही. मी सरांना विनंती केली आणि आम्ही ती धरायला लागलो. कार्बनच्या लिम्बपेक्षा बांबू कितीतरी लहरी निघाला. सकाळच्या दमट हवेत वेगळा, दुपारच्या कोरड्या उन्हात वेगळा. आणि एक गोष्ट ठळक दिसली. पूर्ण ओढून जितका जास्त वेळ धरून ठेवावं तितका वेग पडतो. लाकूड आणि बांबू ताणलेल्या अवस्थेत थोडे थोडे ढिले पडत जातात, साठलेली ताकद आतल्या आतच विरते. रिकर्व्ह शिकवताना आपण मुलांना ओढ धरा, स्थिर व्हा, मग सोडा म्हणतो. तीच शिस्त बांबूच्या धनुष्यावर लादली तर पोराच्या बाणाला आपणच खाली पाडतो. सातपुड्यातले भिल्ल, ज्यांच्या कामठीला दोरीसुद्धा बांबूच्या चिरीची असते, ओढल्या ओढल्या सोडतात. शिकारीत ती घाई लागतच असणार. पण बांबूचा हा स्वभाव पिढ्यान्‌पिढ्या हाताळून त्यांच्या बोटांना ठाऊक झाला असेल, असंही मला वाटतं.

म्हणून इंडियन राउंडच्या मुलांना आता सर वेगळं शिकवतात. लक्ष आधी लावायचं, ओढ नंतर, आणि ओढल्यावर रेंगाळायचं नाही. वहीत प्रत्येक बाणापुढे वजन, तापमान, वेग यांच्या जोडीला धरून ठेवलेल्या वेळेचा रकाना आम्ही वाढवला आहे. तो भरायचं काम फोनवर वेग काढणाऱ्या त्या अकरावीच्या मुलाकडे आहे. नोंदी पुरेशा जमल्या की आम्ही त्या जिल्ह्यातल्या दुसऱ्या मैदानांवरच्या सरांना देणार आहोत, आणि त्यांच्याकडचे बांबू काय म्हणतात ते मागणार आहोत.